चित्रात मला होडी दिसली, आतेबहीण म्हणते तिथे होडी नाहीच. बरोबर कोण?

कल्याण_स्लो

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या रविवारी आतेबहिणीने धरून काळा घोड्याला एका प्रदर्शनाला नेलं. ती कमर्शियल आर्ट शिकलेली, मी बँकेत, चित्रकलेशी माझा संबंध एलिमेंटरीला सी ग्रेड मिळाली तिथेच संपला. तिथे वासुदेव गायतोंडेंचं एक चित्र होतं. पाटीवर नाव शोधलं तर 'अनटायटल्ड'. करडा रंग, त्यात शेवाळासारखा हिरवट, मधे आडव्या काळपट खुणा, बस. मी पुढे निघालोच होतो, पण सहज वळून बघितलं आणि एकदम दिसलं. पहाटेचं बंदर, धुकं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं कळत नाही असं, आणि डाव्या अंगाला एक होडी. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

बहिणीला दाखवायला गेलो तर म्हणाली, "अरे दादा, तिथे होडीबिडी काही नाहीये, हे अॅब्स्ट्रॅक्ट आहे, यात वस्तू शोधायच्या नसतात, ढगात हत्ती बघतात तसं चाललंय तुझं." म्हटलं मग बघायचं काय? तर म्हणे रंग बघ, पोत बघ, अवकाश बघ. आता अवकाश नेमका कुठे असतो हे विचारायची हिंमत झाली नाही कारण शेजारीच दोन दाढीवाले हाताची घडी घालून उभे होते.

परतीच्या लोकलमध्ये डोक्यात तेच. मला होडी दिसली हे तर खोटं नाही ना, मग ती होती कुठे, कॅनव्हासवर की माझ्या डोक्यात? आणि डोक्यात असेल तर मग रवी वर्म्याच्या चित्रातली बाई तरी कॅनव्हासवर कुठे असते, तिथेही रंगच की, मग तिला 'बाई दिसली' म्हटलं तर कोणी हसत नाही आणि मला होडी दिसली की मी अडाणी? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

टग्या_पाटील

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

२०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात याच गायतोंडेंचं एक चित्र २३ कोटी ७० लाखाला गेलं होतं, त्यालाही नाव नव्हतंच. एवढ्या पैशात होडी काय, अख्खं बंदर आणि वर एमटीडीसीचा (सरकारी पर्यटन महामंडळाचा) रिसॉर्ट दिसायला पाहिजे. माझं मत सरळ आहे, आमच्या चाळीच्या भिंतीला श्रावणात ओल येते त्यातही मला दरवर्षी महाराष्ट्राचा नकाशा दिसतो, पण त्याला कोणी फ्रेम करत नाही. गॅलरीत टांगलं की कला, चाळीत असलं की गळती. हलके घ्या.

---

फळा_खडू

कल्याणराव, धागा आवडला. मी ३१ वर्षं हायस्कूलला चित्रकला शिकवली, सातारा जिल्ह्यात, आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळच वेळ, प्रतिसाद लांबणार.

टग्याभाऊंच्या ओलीपासून सुरुवात करतो कारण ती चेष्टा नाही. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना हाच सल्ला लिहून ठेवलाय, डाग पडलेल्या भिंतींकडे बघत बसा, त्यात डोंगर, नद्या, लढाया, चेहरे सापडतील. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीतला गळकी भिंतवाला.

आता मुद्दा. एलिमेंटरीला वस्तुचित्र असतं, समोर तांब्या ठेवतात. दरवर्षी चाळीसातली तीस पोरं तांब्याचं तोंड काढताना गरगरीत गोल काढतात आणि बूड मात्र सरळ रेघ. डोळ्याला दिसतो लंबगोल आणि हातातून निघतो गोल, कारण तोंड गोल असतं हे त्या पोराला पहिल्या घोटापासून माहीत आहे. बूड सरळ का, तर तांब्या जमिनीवर नीट बसतो हेही माहीत आहे. मी बोंबलायचो, माहीत आहे ते काढू नका रे, दिसतंय ते काढा! नंतर कळलं की हे बोंबलणं फार जुनं. रस्किन नावाचा इंग्रज १८५७ साली हेच सांगत होता की चित्रकाराने डोळा परत लहान बाळासारखा निष्पाप करावा, नुसते रंगाचे ठिपके बघावेत, ते कशाचे आहेत ते विसरावं. (आपलं मुंबईचं जेजे कलाविद्यालय सुरू झालं तेही १८५७च, आणि तिथूनच हे शिक्षण झिरपत झिरपत आमच्यासारख्या खेड्यातल्या मास्तरांपर्यंत आलं.) पुढे १९६० च्या सुमारास गॉम्ब्रिख नावाच्या कला-इतिहासकाराने सांगितलं की बाबांनो, निष्पाप डोळा असतच नाही. बघणारा कोऱ्या पाटीने कधीच बघत नाही, अर्धं चित्र तो स्वतः पुरवत असतो.

पटत नसेल तर त्यानेच सांगितलेला एक प्रयोग करा. अंघोळ झाल्यावर आरशावर वाफ धरते ना, एक डोळा मिटून त्या वाफेवर बोटाने आपल्या चेहऱ्याची कड आखा. मग बाजूला होऊन बघा केवढी निघाली. बरोब्बर अर्धी! आरशाच्या जवळ जा की लांब, अर्धीच. कारण आरसा तुमच्या आणि तुमच्या प्रतिमेच्या मधोमध असतो, साधी भूमिती आहे. पण रोज दाढी करताना कधी वाटलंय का की आपला चेहरा अर्धा दिसतोय?

तेव्हा होडी डोक्यातून आली याची लाज वाटून घेऊ नका. वारली चित्रात तारपा नाच बघा, नाचणाऱ्यांचं रिंगण वरून बघितल्यासारखं आणि त्यातली माणसं मात्र समोरून. कुठूनही उभं राहिलं तरी असा नाच दिसणार नाही. आमच्या परीक्षेत कुणी असं काढलं असतं तर मीच मार्क कापले असते, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशेंना त्याच हातासाठी पद्मश्री मिळाली.

अवांतर: विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र आहे त्यात एक मजेशीर श्लोक आहे, आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार छायेच्या कामाची, बायकांना दागिने आवडतात आणि बाकीच्या जनतेला भडक रंग. म्हणजे एकाच चित्रापुढे चार जण उभे केले तर चार वेगळी चित्रं, हे तेव्हाही माहीत होतं.

---

टग्या_पाटील

मास्तर दंडवत!! आत्ता बायकोची लिपस्टिक घेऊन बेसिनच्या आरशावर करून बघितलं. खरंच अर्धा निघाला राव, माझं एवढं थोबाड आणि आरशावर आंब्याएवढं. आता पुसायला सांगितलंय आणि ते पुसलं जात नाहीये.

---

शंकू_आणि_दंड

डोळे तपासणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे त्या बाजूने थोडं.

आपल्याला वाटतं समोरचं सगळं एकदम लख्ख दिसतंय पण तसं नसतं. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढ्याच भागात डोळ्याला बारीक तपशील कळतो, बाकी सगळं पुसट. मग डोळा काय करतो तर सेकंदाला साधारण तीन उड्या मारतो, इथे बघ तिथे बघ, आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो. म्हणजे चित्र स्थिर असलं तरी बघणं स्थिर नसतंच.

यावर यार्बस नावाच्या रशियन माणसाचा प्रयोग आहे, साठच्या दशकात पुस्तकात आला. त्याने रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र घेतलं, हद्दपारीतून सुटून आलेला माणूस अचानक घराच्या दारात उभा आणि घरचे चमकून बघतायत असं. एकाच माणसाला ते चित्र सात वेळा दाखवलं, दर वेळी तीन मिनिटं, आणि डोळे कुठे कुठे फिरतात त्याची रेघ नोंदवली. पहिल्यांदा काहीच न सांगता. मग विचारलं यांची वयं काय असतील, तर नजर सगळी चेहऱ्यांवर. घरची परिस्थिती कशी वाटते विचारलं तर नजर कपड्यांवर आणि सामानावर. चित्र तेच, डोळे तेच, फक्त प्रश्न बदलला आणि नजरेचा रस्ताच बदलला!

कल्याण_स्लो, तुम्ही त्या चित्रापुढे 'हे कशाचं आहे' असा प्रश्न घेऊन उभे होतात. बहीण 'हे कसं केलंय' असा प्रश्न घेऊन. तुमच्या दोघांच्या डोळ्यांनी एकच चित्र बघितलं असेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, तुमचं धुकं वाचून मोने या फ्रेंच चित्रकाराचं सूर्योदयाचं चित्र आठवलं, १८७२ चं, फ्रान्समधल्या ल हाव्रच्या बंदराचं, त्यातही होड्या आहेत. त्यातला तो नारिंगी सूर्य थरथरल्यासारखा वाटतो ना, त्याचा फोटो मोबाईलवर काढा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा, सूर्य जवळजवळ गायब होतो. कारण रंग वेगळा असला तरी त्याचा उजळपणा आजूबाजूच्या आभाळाइतकाच आहे. मेंदूचा एक भाग नुसता उजळपणा बघून जागा आणि हालचाल ठरवतो, त्याला तो सूर्य सापडतच नाही, रंग बघणाऱ्या भागाला मात्र ठळक दिसतो, त्यामुळे सूर्य आहे पण नेमका कुठे बसलाय ते पक्कं होत नाही. मोनेला मेंदूतलं यातलं काही माहीत नव्हतं, त्याने डोळ्याने पकडलं. आणि नावाचं विचाराल तर, कॅटलॉगसाठी नाव मागितलं तेव्हा हे ल हाव्रचं दृश्य म्हणून खपणार नाही म्हणून त्याने 'इंप्रेशन' घाला सांगितलं, त्यावरून एका टीकाकाराने मोनेच्या सगळ्या कंपूची 'इंप्रेशनिस्ट' म्हणून टर उडवली आणि तेच नाव चिकटलं. विचार करा, पाटीवर 'ल हाव्र बंदर' असतं तर लोकांनी बंदर शोधलं असतं, 'अनटायटल्ड' असतं तर तुमच्यासारखी भांडणं झाली असती.

---

कल्याण_स्लो

बापरे, एवढे प्रतिसाद! मास्तर, तांब्याचं वाचून माझी सी ग्रेड आठवली, माझंही बूड सरळच होतं.

एक सांगायचं राहिलं, आता वाचताना लक्षात आलं. आम्ही मूळचे हर्णैचे. लहानपणी बंदरावर मासळीचा लिलाव बघत संध्याकाळी उभा असायचो, पहाटे होड्या धुक्यातून निघताना बघितल्यात. म्हणजे मी हा सगळा मालमसाला घरूनच घेऊन गेलो होतो की काय?

---

वेशीवरची

मास्तर, 'बायकांना दागिने' या श्लोकाचा निषेध नोंदवते. बाकी लेख छान.

मला चित्रातलं फार कळत नाही पण हे वाचून आमच्या गावच्या म्हसोबाची आठवण झाली. काय आहे तो, एक गोलसर धोंडा. शेंदूर लावलेला. लहान असताना एकदा त्याचे चांदीचे डोळे उजळायला दिले होते तर महिनाभर तो बिनडोळ्यांचा होता, आणि आम्हा पोरींना तो नुसता दगड वाटायचा, त्याच्यासमोर जीभ काढून दाखवायलाही भीती नाही वाटायची. डोळे परत बसले त्या दिवशी एकदम बघायलाच लागला! दगड तोच. आजीला विचारलं तर म्हणाली तो आधीपण बघत होता, तुम्हाला कळत नव्हतं.

पण गंमत म्हणजे डोळे बसल्यावरसुद्धा तो दगड आहे हे कोणी विसरत नाही हो. पावसात शेवाळ धरलं की आजी घासायची दगड घासतात तसं, आणि घासताना त्याच्याशी बोलायची.

---

अर्धवट_पीएचडी

वेशीवरची ताई, तुम्हाला साष्टांग. मी सौंदर्यशास्त्रात चार वर्षं घालवून प्रबंध अर्धा सोडला, त्यात ज्या मुद्द्यावर अडलो तो तुम्ही आजी आणि शेवाळात सांगून टाकला.

गॉम्ब्रिखचं म्हणणं असं की एक तर तुम्ही रंगाचे फटकारे बघाल नाहीतर चित्रातलं दृश्य, दोन्ही एकदम नाही. ते बदक-सशाचं चित्र माहीत असेल, एकदा बदक दिसतं, एकदा ससा, दोन्ही एका क्षणी नाही, तसं. यावर रिचर्ड वोल्हाइम नावाचा तत्त्वज्ञ म्हणाला की हे चुकतंय. चित्र बघताना पृष्ठभाग आणि त्यातलं दृश्य हे एकाच बघण्याचे दोन पदर असतात आणि दोन्हींचं भान एकाच वेळी राहतं. आजी दगड घासते आणि देवाशी बोलते, आधी एक मग दुसरं असं नाही, एकाच वेळी. पृष्ठभागाचं भान गेलं तर ती फसवणूक होते, आणि दृश्य गेलं तर उरते नुसती रंगवलेली भिंत.

आता कल्याणरावांचा खरा प्रश्न, रवी वर्म्याची बाई चालते मग माझी होडी का नाही. वोल्हाइमचं उत्तर कामाचं आहे. ढगात किंवा टग्याच्या ओलीत काहीही बघा, चूक-बरोबर असं काही नसतं, कुणाला महाराष्ट्र दिसेल कुणाला म्हैस. चित्रात मात्र चूक-बरोबर येतं, कारण ते कोणीतरी काहीतरी मनात धरून केलेलं असतं. रवी वर्म्याने दमयंती काढली आणि तुम्हाला त्यात शेजारच्या काकू दिसल्या तर दिसू देत, पण ते चित्र काकूंचं होत नाही. या हिशोबाने होडी बाद. गायतोंडे स्वतः आपल्या कामाला अॅब्स्ट्रॅक्टसुद्धा म्हणायला तयार नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणत. अॅब्स्ट्रॅक्ट म्हणजे कशाचं तरी सार काढलेलं, यांचं म्हणणं आधी कसली वस्तूच नाही.

पण थांबा, बहीणही पूर्ण जिंकत नाही. वोल्हाइम पुढे म्हणतो की बऱ्याचशा अमूर्त चित्रांतसुद्धा आपण काहीतरी 'आत' बघतच असतो. एक रंग पुढे आलेला, दुसरा मागे गेलेला, काहीतरी तरंगतंय, काहीतरी बुडतंय. कॅनव्हास सपाट आहे, त्यात पुढे-मागे कुठलं आलं? तरी ते दिसतं, आणि ते चित्रकाराने ठेवलेलं असतं. तुमचं ते 'पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं कळत नाही', तोच अवकाश हो! जो बहिणीने बघायला सांगितला आणि तुम्ही दाढीवाल्यांना घाबरून विचारला नाहीत, तो तुम्ही आधीच बघितला होता, फक्त त्याला हर्णै नाव दिलंत. माझ्या मते धुकं गायतोंडेंचं आणि होडी तुमची.

आपल्याकडे मर्ढेकर (कवी तेच) बहिणीच्या बाजूने उभे राहिले असते. त्यांच्या मते चित्राचं सौंदर्य विषयात नाही, रंगारंगांतल्या, रेषारेषांतल्या संबंधांत, म्हणजे संवाद, विरोध, समतोल या लयीत. होडी असली काय नसली काय. पण रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसा' या पुस्तकात म्हटलंय की कलेचा विचारच दोन ध्रुवांमध्ये हेलकावे खातो, एक कलेला जगापासून अलग मानणारा आणि दुसरा जगण्याशी बांधणारा, आणि कुठलाही एक सोडून चालत नाही. मला पाटणकर जास्त पटतात, कदाचित म्हणूनच प्रबंध पूर्ण झाला नाही.

---

संत्रानगरी

राजेहो, एवढी चर्चा झाली आणि गायतोंडे जन्मले नागपुरात, १९२४ ले, हे कोणीच सांगून नाही राहिलं! घराणं गोव्याकडलं, शिकले जेजेत, डिप्लोमा १९४८, पण जन्म आमच्याकडला.

मले त्यायचं करायचं कसं ते आवडते. ब्रशपेक्षा रोलर आन् पॅलेट नाईफ. रंगाचा थर द्यायचा, मग काढायचा, मग परत द्यायचा, कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे. त्याच्यानं खालचा थर कुठं दिसते कुठं झाकते. ते जे पीएचडीवाले भाऊ म्हणतात ना पुढे-मागे, ते काही जादू नाही, खरंच रंग एकामागं एक आहे तिथं. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, अन् बाकीचा वेळ म्हणे नुसतं बसून राहत. आमचा बॉस हे समजून घेईन तर बरं होईन.

---

टग्या_पाटील

सगळं वाचलं. मला अजूनही वाटतं की गॅलरीची पांढरी भिंत म्हणजे शेंदूर, दगडाला लागला की नमस्कार. पण ओल आणि चित्रातला फरक पटला, ओल कोणी मनात धरून करत नाही. (बिल्डर सोडून.)

---

कल्याण_स्लो

अपडेट द्यायला आलोय. काल परत गेलो, प्रदर्शन संपायच्या आत, बहिणीला घेऊन. शंकूभाऊंचं ऐकून या वेळी प्रश्न बदलून गेलो, ठरवलं की फक्त कुठला थर कुठल्याच्या वर आहे एवढंच बघायचं. आधी काही कळेना. मग एका कडेला रोलर थांबलेली सरळ धार दिसली, मग तशा अजून दोन, मग एका जागी हिरवट रंग करड्याच्या खालून वर येतोय की वरून खाली दबलाय यावरच दहा मिनिटं गेली. तिथला रखवालदार दोनदा येऊन बघून गेला. होडीची जी खूण होती तिच्याजवळ गेलो तर ती काळी नाहीच, खरवडलेली आहे, आजूबाजूचा रंग तिच्यावर चढलाय. मागे सरकलो की परत होडी. पुढे गेलो की खरवड. अर्धवटभाऊ, मला दोन्ही एकदम काही जमलं नाही, सरावाने जमत असेल.

बहिणीला म्हटलं, तुझं बरोबर होतं, इथे होडी नाहीये. ती गप्प. म्हटलं काय झालं? तर चिडून म्हणाली, "गप रे दादा, मला आता दुसरं काही दिसतच नाहीये."